सायकलवरचा कॅमेरा: २६ हजारांचा डबा अन ३५० रुपयांची थैली

माझा आधीचा कॅमेरा धुळीने मेला. पावसात भिजला नाही, हातातून पडला नाही, कोणी चोरला नाही, नुसत्या धुळीने. जळगाव सोडून कुठल्याही दिशेला जा, कुठे ना कुठे रस्त्याचं काम सुरू असतंच, अन आपली काळी माती उन्हाळ्यात इतकी बारीक होते की टाल्कम पावडर बरी. मार्चमधली गोष्ट, जामनेर रोडने परत येऊन राहिलो होतो, एका डायव्हर्शनला डंपर पुढे अन मी मागे, पाच मिनिटं डोळे बारीक करून, तोंडाला बफ (कापडी नळीसारखा रुमाल) लावून कशीबशी सायकल हाणली. पुढे एका वडाखाली थांबलो, जर्सीच्या मागच्या खिशातून कॅमेरा काढला, बटण दाबलं, लेन्स अर्धी बाहेर आली, कर्रर्र आवाज झाला अन तिथेच अडकली. आत जाईना, बाहेर येईना. स्क्रीनवर लिहून आलं की बंद करून परत चालू करा. बंद केला, चालू केला, कर्रर्र. वीसेक वेळा तेच केलं असेल. घरी येईपर्यंत बॅटरी पण संपली अन लेन्स तशीच, तोंड वासून.

दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं. लेन्सच्या नळ्या एकात एक सरकतात ना, त्या फटीत सगळीकडे काळी पावडर, जणू कोणी काजळ भरलंय. त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी म्हणालो राहू द्या, थोडे अजून टाकले तर सेकंडहँड येतो. तेरा महिने चालला. कंपनीचं नाव घेत नाही कारण तिची चूक नव्हतीच. तो कॅमेरा लग्नात अन सहलीत खिशात ठेवायचा होता, मी त्याला खान्देशातल्या मार्च महिन्यात सायकलवर नेला.

तर त्यानंतर काय घेतलं अन ते सायकलवर कसं नेतो, हे दोन्ही लिहितोय, कारण ग्रुपमधल्या तिघांनी आतापर्यंत विचारलंय अन प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगून माझं तोंड दुखलंय.

आधी आमच्याबद्दल थोडं. आम्ही पाच जण, रविवारी पहाटे पाचला काव्यरत्नावली चौकातून निघतो. कधी भुसावळकडून हतनूर धरण, कधी एरंडोलवरून पद्मालय, पाय बरे असले तर पार फर्दापूर, अजिंठ्याच्या पायथ्याशी. कोणी रेसर नाही, एक बँकेत, एक केळीचा व्यापारी, दोघं मास्तर अन मी. चौघांना वेळेत परत यायचं असतं अन मला फोटो काढायचे असतात, त्यामुळे "थांबला का परत?" हे वाक्य मी दर रविवारी किमान सहा वेळा ऐकतो. म्हणजे माझ्या कॅमेऱ्याची खरी परीक्षा फोटो किती भारी येतो ही नाहीच, चौघं दिसेनासे व्हायच्या आत फोटो काढून परत पॅडलवर पाय येतो का ही आहे. आता खाली जे लिहितोय ते सगळं या हिशोबाने वाचा. ज्यांना फोटोग्राफीसाठी सायकल चालवायची आहे त्यांचं गणित वेगळं, माझं उलटं आहे.

आता मोबाईल. पहिला सल्ला सगळे हाच देतात की आजकाल मोबाईलचे फोटो काय भारी येतात, वेगळा कॅमेरा कशाला. येतात, खरंय. माझ्या मोबाईलचे दिवसाउजेडी फोटो या नवीन कॅमेऱ्यापेक्षा चांगलेच येतात, हे आधीच कबूल करून टाकतो. पण एप्रिलमध्ये आठ वाजता उन्हात मोबाईल बाहेर काढा, स्क्रीनवर आपलंच घामेजलेलं तोंड दिसतं, बाकी काही दिसत नाही. बोटं घामाने ओली, टच घेत नाही, ग्लोव्हज असले तर विषयच नको. हँडलला माउंट लावून ठेवला तर नऊ वाजेपर्यंत तापून स्वतःच बंद पडतो. अन चालू मॅप, चालू राईड रेकॉर्डिंग, बायकोचा फोन, सगळं त्याच्यावर, तो खड्ड्यात पडला तर घरी कळवायचं कशाने? हँडलच्या माउंटचं अजून एक सांगतो, हे मोटरसायकलवाल्यांसाठी जास्त. २०२१ मध्ये अ‍ॅपलनेच जाहीर सांगितलं होतं की मोठ्या इंजिनच्या मोटरसायकलच्या हँडलला आयफोन थेट लावू नका, त्या थरथरीने कॅमेऱ्यातली फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. यंत्रणा म्हणजे आत लेन्स किंवा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) बारीक चुंबकांवर तरंगत असतो, तो सतत हादरला की गेला. सायकलला इंजिन नाही, पण आपले रस्ते आहेत की.

मग मित्राचा मोठा डीएसएलआर एकदा पाठीवरच्या बॅगेत घालून नेला. एकदाच. पाठ ओलीचिंब, मान अवघडली, अन दर वेळी बॅग काढा, चेन उघडा, टोपण काढा, टोपण कुठे ठेवू? दोन फोटो काढले दिवसभरात, त्यातला एक टोपण शोधताना चुकून निघालेला बुटाचा. अ‍ॅक्शन कॅमेरा पण वापरून बघितला, व्हिडिओला झकास, हादरे असे गिळतो की रस्ता हायवेसारखा दिसतो, पण फोटोला त्याची नजर फार रुंद. यावल-रावेरकडे जाताना समोर सातपुडा असा उभा असतो, निळा, एकामागे एक तीन थर, अन त्या कॅमेऱ्यात बघितलं तर शेताचा बांध. सातपुड्याला झूम लागतो भो, त्याला इलाज नाही.

म्हणजे झूम पाहिजे, पण झूम करताना लेन्स नळीसारखी बाहेर येणारी नको. इथेच माझी यादी एकदम छोटी झाली. खिशात मावणारे जवळजवळ सगळे चांगले कॅमेरे नळीवाले आहेत. रिकोचा जीआर-३ बघितला, २०१९ चा, मोठा सेन्सर, २५७ ग्रॅम, त्यावर जगभरातले रस्त्यावरचे फोटोवाले जीव टाकतात अन का टाकतात ते त्याचे फोटो बघून कळतं, पण त्याला झूम नाही, धूळ-पाण्यापासून बंदिस्त नाही अन लेन्स त्याची पण बाहेर येतेच. एक मन म्हणत होतं घे. दुसऱ्या मनाला ते काजळ आठवलं.

शेवटी घेतला ऑलिम्पस टीजी-६. हा पण २०१९ चाच. सेकंडहँड, २६ हजारात. ऑलिम्पसने कॅमेऱ्याचा धंदा २०२१ च्या सुरुवातीला वेगळ्या कंपनीकडे दिला, आता तीच मालिका ओएम सिस्टिम नावाने येते अन २०२३ मध्ये टीजी-७ आला, पण मला नवा परवडत नव्हता अन दोघांत फरक पण फार नाही, नव्याला सी टाईप चार्जिंग आहे, माझ्याला जुनी मायक्रो पिन. घरात ती केबल आता एकच उरलीय अन ती पण आईच्या जुन्या फोनची, आईला विचारून घ्यावी लागते.

दिसायला अगदी डबा. लाल-काळा, चार कोपऱ्यांना स्क्रू, लहान मुलांच्या खेळण्यासारखा. लेन्स बाहेर येतच नाही. झूम होतो तो आतल्या आत, काच कोपऱ्यात आहे अन उजेड आत शिरून वळवला जातो, भिंगं शरीराच्या आतच सरकतात, बाहेर फक्त एक स्थिर काच. २५ ते १०० मिलिमीटरच्या बरोबरीचा झूम, म्हणजे देवळासमोर उभं राहून अख्खं देऊळ पण येतं अन सातपुडा पण बऱ्यापैकी जवळ येतो. पाण्यात १५ मीटर, वरून पडला तर २.१ मीटरपर्यंत, अन धुळीसाठी आयपी-६एक्स, म्हणजे धूळ आत जाऊच द्यायची नाही हा सगळ्यात वरचा दर्जा. पाण्याचं सगळे सांगतात, जाहिरातीत पण समुद्रात डुबक्या मारणारी माणसं. आपल्याला कुठला समुद्र. मी पैसे दिले ते त्या धुळीच्या सहाच्या आकड्याला.

सेकंडहँड घेताना एक गोष्ट नक्की बघा, बॅटरी अन चार्जिंगच्या झाकणांच्या आतली रबरी कड. तिच्यात चीर नको, केस नको, वाळूचा कण नको. विकणाऱ्यासमोर मी मोबाईलचा टॉर्च लावून दहा मिनिटं तेच बघत बसलो, तो म्हणाला, "साहेब, मुलगी बघायला आले का?" घरी आणल्यावर बादली भरली. आता २६ हजारांची वस्तू आपल्या हाताने बादलीत बुडवायची याला काळीज लागतं. आई दारात उभी, काहीच बोलली नाही, फक्त मान हलवली, ती मान मला बोलण्यापेक्षा जास्त लागली. झाकणाला डबल लॉक आहे, ते दोनदा तपासलं, मग अजून एकदा, मग बुडवला. बुडबुडा एक पण नाही. पंधरा मिनिटांनी काढला, पुसला, झाकण उघडलं, आत कोरडं ठाक. तेव्हापासून प्रत्येक राईडनंतर घामाचं मीठ अन धूळ काढायला तो सरळ नळाखाली धरतो. ग्रुपमधल्या बँकवाल्याला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा तो ओरडलाच होता.

आता वाईट बाजू, कारण नुसतं कौतुक वाचून कोणी घ्यायला नको. याचा सेन्सर बारका आहे. गेलेल्या कॅमेऱ्याचा एक इंचाचा होता, अन एक इंच हे नाव पण फसवं, तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. टीजी-६ चा साधारण ६.२ बाय ४.६. क्षेत्रफळ काढून बघा, चौथाई आहे. खळ्यात चार ताडपत्र्या टाकून पाऊस झेलणं अन एकच टाकून झेलणं, तसा फरक, उजेड तेवढाच कमी गोळा होतो. आम्ही निघतो पहाटे पाचला, म्हणजे राईडचा सगळ्यात सुंदर तास अंधुक उजेडातला, अन नेमका तिथेच हा कॅमेरा कच्चा. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळायचा आकडा, ८०० च्या वर गेला की रवा सांडल्यासारखे दाणे. एफ/२, म्हणजे उजेडाला मोठं तोंड, म्हणतात ते फक्त रुंद टोकाला, झूम केला की एफ/४.९, तोंड बारीक. अन १२ मेगापिक्सेलच, फार कापाकापी केली तर फोटो विरघळतो. शटरचा वेग पण थेट आपल्या हातात देत नाही, तसा मोडच नाही, हलत्या माणसाचा फोटो पाहिजे तर आयएसओ वाढवून मागच्या दाराने तो वेग मिळवावा लागतो. रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली कच्ची फाईल मिळते ही मेहरबानी, त्याच्यावर घरी बसून थोडं रंगकाम करता येतं.

हतनूरला हिवाळ्यात बाहेरून बदकं येतात, थवेच्या थवे, मोठ्या लेन्सवाले लोक पहाटेपासून बसलेले असतात. त्यांच्या शेजारी मी हा डबा काढला की ते दयेने बघतात. बरोबर आहे त्यांचं, १०० मिलिमीटरमध्ये बदक म्हणजे पाण्यावरचा तीळ. पक्ष्यांसाठी हा घेऊ नका, अजिबात नाही.

पण एक गोष्ट याला अशी येते की ती त्या मोठ्या लेन्सवाल्यांना पण जमत नाही, अन ती मला घेताना माहीत असून पण मी तिला किंमत दिली नव्हती. मायक्रोस्कोप मोड. काचेपासून एक सेंटीमीटरवर फोकस होतो. एक सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ टेकवायचाच. सप्टेंबरमध्ये पहूरकडे जाताना कपाशीच्या एका शेताशी थांबलो होतो, पोरं पुढे निघून गेली होती, मी बांधावर उकिडवा बसून फुलाचा फोटो काढत होतो. मागून आवाज आला, "इन्शुरन्सवाले का?"

म्हटलं नाही भाऊ, सायकलवाला.

"मग फोटो कायले काढून राहिले?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता, हेल्मेट घालून, घट्ट चड्डी घालून, कपाशीत बसून फोटो काढणारा माणूस एक तर विम्याचा नाहीतर कृषी खात्याचा, तिसरा कोण असणार. मी दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं स्क्रीन बघितली, मग म्हणाले थांबा, अन चार ओळी आत जाऊन एक न उमललेलं फूल तोडून आणलं. पाकळ्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या, पीळ पडल्यासारखं, गुलाबाच्या कळीसारखं दिसत होतं. "डोमकळी," म्हणाले. बोटाने पाकळ्या सोडवल्या, आत अळी. गुलाबी बोंडअळी म्हणतात पण ती या वयात गुलाबी नसतेच, पांढुरकी असते, तांदळाच्या कणीएवढी, डोकं तेवढं गडद. नुसत्या डोळ्यांनी मला तर आधी दिसलीच नाही. कॅमेरा टेकवला, श्वास रोखला, पाच-सहा फोटो काढले, त्यातला एक बरोब्बर लागला. स्क्रीनवर मोठा केला तर डोक्यावरची चकाकी, अंगाच्या वळ्या, पाकळ्यांना सांधणारे तिचे बारीक धागे, सगळं. ते गृहस्थ कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आयुष्यभर फवारलं हिच्यावर, तोंड आज पाहिलं."

मग तो फोटो त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिजे होता. कॅमेऱ्यातून वायफायने मोबाईलवर घ्यायचा, मोबाईलवरून त्यांना पाठवायचा, शेतात रेंज एक दांडी, तेवढ्यात चहा झाला, खारे दाणे झाले, अन पोरांचे सात मिस्ड कॉल. त्या दिवशी मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बरं, आता थैली. खरं तर हा रिव्ह्यू थैलीचाच आहे, कॅमेऱ्याचं एवढं लिहावं लागलं कारण थैलीचं कोणी विचारत नाही. माझा अनुभव असा की कॅमेरा कुठे ठेवला आहे यावर किती फोटो निघतात ते ठरतं, बाकी सगळं नंतर. जर्सीच्या मागच्या खिशात असताना मी एका राईडला पाच-सात फोटो काढायचो, कारण थांबा, मागे हात घाला, आधी केळं हाताला लागतं, मग राजगिरा लाडू, मग कॅमेरा, तो पण घामाने ओला. गळ्यात अडकवून बघितला, चढावर उभं राहून पॅडल मारताना छातीवर असा आपटतो की बरगड्या मोजून घ्याव्या. कमरेचा पाऊच बरा, पण पुढे वाकलं की पोटात रुततो, अन पोट माझं आहेच. हँडलच्या पुढे लावायची एक तयार बॅग पण मागवली होती ऑनलाईन, दिसायला सुंदर, पण ती हँडलच्या पट्ट्यांवर झुलते अन खराब रस्त्यावर तिच्यातला कॅमेरा डब्यातल्या शेंगदाण्यासारखा वाजतो, वर तिला चेन. धुळीत चेन दोन महिन्यांत दात खाऊन बसते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकलच्या सीट कव्हरवाले एक काका आहेत. टपरीच आहे, बाहेर जुन्या सीटा टांगलेल्या, आत एक काळी मशीन अन रेक्झिनचे गठ्ठे. एका संध्याकाळी सायकलच घेऊन गेलो अन दाखवलं, इथे, हँडलच्या मधोमध जिथे दांडा हँडलला धरतो, त्याच्या डाव्या बगलेला मागच्या बाजूने, उभी थैली पाहिजे. तोंड वर, माझ्याकडे. काका म्हणाले, पाण्याच्या बाटलीची? म्हटलं कॅमेऱ्याची. "मग चेन लावू." चेन नको. "झाकण?" झाकण नको. काकांनी चष्मा खाली केला अन माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "चेन नाही, झाकण नाही, म्हणजे पडायचाच ना तो." मग त्यांना समजावलं की तोंडाला दोरी ओवा, पिशवीच्या नाडीसारखी, पण इलॅस्टिकची, अन तिला तो दाबायचा खटका लावा, जॅकेटच्या टोपीला असतो तसा प्लास्टिकचा. एका हाताने ओढला की बंद, बोटाने दाबून तोंड फाकवलं की उघडं. अन कॅमेऱ्याच्या पट्टीला एक बारीक दोरी, ती थैलीच्या आत कायमची शिवलेली, हातातून सुटला तरी लोंबकळेल, रस्त्यावर जाणार नाही.

काकांनी कॅमेरा वर्तमानपत्रावर उभा ठेवला, पेन्सिलने भोवती आखलं, चारही बाजूंनी दोन बोटं सोडली अन कात्री चालवली. बाहेरून जाड रेक्झिन, मधे सीटचा फोम, आतून काहीतरी मऊ पाहिजे म्हणून त्यांनी स्वतःहून कारच्या छताला लावतात ते मखमली कापड लावलं, ते माझ्या डोक्यात पण नव्हतं. तीन पट्टे, दोन हँडलला, एक खाली सायकलच्या मधल्या दांड्याला, हा खालचा पट्टा सगळ्यात महत्त्वाचा, तो नसला की थैली झुलते. वेलक्रो अन वर बक्कल. दुहेरी शिलाई, कोपऱ्यांना अजून एक तिरकी. ३५० रुपये. मी ४०० द्यायला तयार होतो, पण ते मी बोललो नाही.

वापरताना दोन गोष्टी कळल्या. एक पहिल्याच राईडला, चढावर उभं राहिलं की डावा गुडघा थैलीला घासतो. दुसरी पावसाळ्यात कळली, मनुदेवीला जाताना आडगावच्या पुढे धो-धो लागला, तास-दीड तास, घरी येऊन बघतो तर थैलीत तळाशी चार बोटं पाणी अन कॅमेरा त्यात निवांत आंघोळ करत बसलेला. त्याला काय व्हायचंय, तो १५ मीटरवाला, पण फोमने पाणी पिलं अन आठवडाभर थैलीला ओल्या कुत्र्याचा वास. परत काकांकडे. त्यांनी बगल एक इंच आत घेतली अन तळाला ताडपत्रीला असतात तशा दोन पितळी रिंगा ठोकल्या, पाणी निघून जायला. पैसे घेतले नाहीत, म्हणाले हे मलाच सुचायला पाहिजे होतं.

आता सवय अशी झाली आहे की ब्रेक, डावा पाय खाली, डाव्या हाताने खटका दाबला, उजव्या हाताने कॅमेरा वर, बोट पॉवरच्या बटणावर आधीच, एक, दोन फोटो, परत आत, ओढलं, निघालो. लेन्स बाहेर यायची वाट बघायची नाही, टोपण नाही, चेन नाही. केळीच्या व्यापाऱ्याने एकदा मोबाईलवर वेळ लावली, अकरा सेकंद. त्याच्यानंतर तो थांबला का परत म्हणायचा बंद झाला, बाकीचे म्हणतातच. एका राईडला आता चाळीस-पन्नास फोटो निघतात, त्यातले तीन ठेवण्यासारखे, पण आधी पाचातला एक पण नसायचा.

थांबूनच काढा हे पण सांगून ठेवतो. सावद्याच्या पुढे मी एकदा चालत्या सायकलवरून केळीच्या ट्रकचा फोटो घ्यायला गेलो, घड वरपर्यंत रचलेले, खालून दोर, सकाळचं तिरपं ऊन, मोह झाला. पुढचं चाक साईडपट्टीच्या खाली उतरलं अन मी शेजारच्या नालीत. कॅमेरा दोरीला लोंबकळत, एक ओरखडा नाही, माझं कोपर मात्र सोललं. तेव्हापासून ग्रुपचा नियम, चाक फिरत असताना माझे दोन्ही हात हँडलवर दिसले पाहिजेत, नाहीतर चहा माझ्याकडून. अन थांबण्याचे फायदे पण आहेत. पारोळ्याकडच्या एका गावात फाट्यावर थांबलो तर शाळेत निघालेली पोरं गोळा झाली, "ओ भाऊ, मना बी एक फोटू काढ ना," अन मग मना बी, मना बी करत अकरा जण. तो फोटो आमच्या सगळ्या सेल्फींपेक्षा भारी आहे, अन त्यात सेन्सर बारका आहे हे कोणाला दिसत नाही, कारण ऊन भरपूर होतं.

उन्हाचं बाकी जपा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापरायचं तापमान ४० डिग्रीपर्यंत दिलेलं असतं. वाचून हसायला आलं, आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ सहज होतात, म्हणजे कंपनीच्या हिशोबाने मे महिन्यात आपण घराबाहेर पडायचंच नाही. काळं रेक्झिन तर तव्यासारखं तापतं. मी वरून पांढऱ्या धोतराचा तुकडा पाण्यात पिळून गुंडाळतो, माठाला गुंडाळतात तसा, अन नऊच्या आत घरी. झाकण रस्त्यावर कधीच उघडत नाही, कितीही झालं तरी, कार्ड अन बॅटरी घरीच. बॅटरी कागदावर ३४० फोटोंची आहे, राईडला पुरून उरते, फक्त जीपीएस बंद ठेवायचा, तो चालू राहिला तर गुपचूप बॅटरी पीत बसतो.

डिसेंबरमध्ये चाळीसगावला सायकली गाडीत टाकून नेल्या अन तिथून पाटणादेवी केली. जंगल, हेमाडपंती देऊळ, मागे डोंगराची भिंत, एकशे दहा फोटो काढले त्या दिवशी, माझा उच्चांक. परत येताना स्टेशनजवळ फोटोग्राफर केकी मूस यांच्या घरी गेलो, आता तिथे त्यांचं संग्रहालय आहे. आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षं हा माणूस त्या घराबाहेर पडला नाही असं सांगतात, टेबलावर वस्तू मांडून, त्यावर उजेड पाडून आख्खी दृश्यं उभी करायचा अन त्यांचे फोटो काढायचा, टेबलटॉप म्हणतात त्याला. बर्फ, रान, झोपड्या, सगळं टेबलावर. मी सायकलचे बूट हातात घेऊन, मोज्यांवर, त्या फोटोंसमोर उभा होतो. बँकवाला मागून हळूच म्हणाला, "बघ, यांना थैली पण लागली नाही." मी त्याला काही उत्तर दिलं नाही, उत्तर नव्हतंच.

जर विचारत असाल तर घ्यावा का, तर तुमच्या राईडमध्ये धूळ, पाऊस अन घाम असेल अन फोटो मोबाईलवरच बघायचे असतील तर डोळे मिटून घ्या, टीजी-६ मिळाला तर तो, पैसे असतील तर टीजी-७. पहाटेचे, रात्रीचे, पक्ष्यांचे, भिंतीवर मोठे लावायचे फोटो पाहिजेत तर नका घेऊ, पश्चात्ताप होईल. अन थैली कुठलाही कॅमेरा असला तरी शिवून घ्या. बँकवाल्याने मागच्या महिन्यात घेतली, स्वतःला कॅमेरा नाही, त्याने मोबाईल अन शेंगदाणे ठेवायला घेतली. मास्तर दोघांनी पण ऑर्डर दिली आहे. काका आता ४५० सांगतात अन वर म्हणतात, "डिझाईन आमचं आहे."